चालत्या मोटारींतील जळका वास

येवल्यासारख्या विणकरांच्या गांवीं रेशमाची पारख करण्याची एक रीत पुष्कळांस ठाऊक असते. धाग्याविषयीं शंका आली, म्हणजे एक तंतु काढून तो ज्योतीवर धरावयाचा. केंस जळल्यासारखी घाण सुटली आणि मागें काळी, चिमटींत सहज चुरडणारी राख राहिली, तर तें खरें रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला व करडी, हलकी राख पडली, तर तें सूत. प्लॅस्टिकचा उग्र दर्प येऊन टोंकाला टणक मणी जमला, तर तो कारखान्यांतला कृत्रिम धागा. रेशीम हें केंसाप्रमाणें प्राणिज प्रथिन आहे. सूत हें कागदाप्रमाणें वनस्पतिज आहे. म्हणून दोहोंचें जळणें नाकास वेगवेगळें कळतें. डोळ्यांस सारखे दिसणारे तीन धागे नाक क्षणांत निरनिराळे करितें.

हीच विद्या मोटारींत बसणारास फार उपयोगी आहे, आणि तिचाच विचार आम्ही या लेखांत करणार आहों. आपलें गांव दोन मोठ्या रस्त्यांच्या छेदावर वसलें आहे. एक मनमाडकडून येऊन कोपरगांव, शिर्डीकडे जातो. दुसरा नाशिकहून छत्रपती संभाजीनगराकडे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज मोटार आहे, व ज्यांच्या घरीं नाहीं तेही भाड्याच्या गाडीनें लग्नकार्यास, देवदर्शनास किंवा दवाखान्यास जातातच. अशा प्रवासांत मध्येंच जळका वास येतो. हांकणारा म्हणतो, "बाहेरून येत असेल," कांचा वर होतात, आणि गाडी चालूच राहते. वास पुष्कळ वेळां खरोखरीच बाहेरचा असतो; शेतांतील पाचट पेटविलेलें असतें किंवा गांवाबाहेर कचरा धुमसत असतो. परंतु तो बाहेरचा आहे हें ठरविण्याची रीत कांचा वर करणें ही नव्हे. बाहेरचा वास गाडी पुढें गेली कीं मागें राहतो. गाडीचा वास गाडीबरोबर येतो. एक-दोन मिनिटांत तो मागें पडला नाहीं, तर तो आपलाच समजून सुरक्षित जागा पाहून थांबावें. धूर दिसला, डोळे चुरचुरले, तर हीं एक-दोन मिनिटेंही घेऊं नयेत.

येथें नाकाची एक खोड सांगितली पाहिजे. मनुष्याच्या नाकांत गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. गंधाचे हे ग्राहक घडविणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला, व त्याबद्दल त्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हें इतकें कुशल इंद्रिय लवकर कंटाळतें. एकच वास कांहीं मिनिटें सतत येत राहिला, म्हणजे नाक त्याची दखल घेणें सोडून देतें. म्हणून "आतां वास येत नाहीं" याचा अर्थ "आतां जळत नाहीं" असा होत नाहीं. खालीं उतरून, दूर जाऊन, मोकळ्या हवेंत चार श्वास घेऊन पुन्हा गाडीपाशीं आलें, म्हणजे खरी स्थिति कळते. मागच्या आसनावरील मूल "कसलासा वास येतो" असें म्हणालें, तर त्यास गप्प करूं नये; हांकणाराचें नाक तोंवर थकलेलें असण्याचा संभव आहे. गाडींत अत्तराच्या कुप्या टांगण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस या एकाच कारणासाठीं पसंत नाहीं. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखेंच तें आहे.

आतां वासांकडे वळूं. प्रवासांत सर्वांत अधिक वेळां येणारा जळका वास ब्रेकचा असतो, व त्याचें मूळ समजण्यास कसाऱ्याच्या घाटाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. इगतपुरीहून कसाऱ्यास उतरतांना सुमारे ३०० मीटर उंची कमी होते. माणसांसह १००० किलोग्रॅम वजनाची गाडी तितकी खालीं आली, म्हणजे तिची सुमारे २९ लक्ष ज्यूल इतकी शक्ति कोठें तरी गेली पाहिजे. शक्ति नष्ट होत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाठ केलेलेंच आहे. ती येथें उष्णता होते. सुमारें नऊ लिटर थंड पाणी उकळीस आणील एवढी ही उष्णता आहे. गाडी न्यूट्रलमध्यें टाकून केवळ ब्रेकच्या जोरावर घाट उतरणारा मनुष्य यांतील बहुतेक उष्णता चार चाकांतील लोखंडाच्या लहानशा तबकड्यांत कोंडतो. जो खालच्या गिअरमध्यें उतरतो, त्याचें इंजिन उलट ओढ देऊन ह्या ओझ्याचा मोठा वांटा उचलतें. पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रल करणारांस हेंही सांगावेंसें वाटतें कीं, आजच्या इंजिनांत गिअरमध्यें उतार उतरतांना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असतां, इंधन जवळजवळ बंदच होतें. तेव्हां जीव धोक्यांत घालून वांचतें तें कांहींच नाहीं.

ब्रेकच्या लायनरमधील द्रव्यें एका कृत्रिम राळेनें बांधलेलीं असतात. लायनर मर्यादेबाहेर तापला कीं ती राळ विघटूं लागते, आणि घशास लागणारा, तिखट, रासायनिक वास सुटतो. त्याच वेळीं तिच्यांतून निघणारे वायु लायनर व तबकडी यांच्या मध्यें येतात आणि घर्षण कमी होतें. म्हणजे ब्रेकचा वास येतो तेव्हां ब्रेकची पकडही उणावूं लागलेली असते. त्यांत आणखी एक भर. ब्रेकचें तेल हवेंतील बाष्प शोषून घेतें. साधारण प्रतीचें नवें तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळूं नये असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या तेलास तीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. आणि पायाखालीं ब्रेक स्पंजासारखा मऊ लागून तळास जातो. दोन वर्षांनीं ब्रेकचें तेल बदला असें जें सांगतात, त्याचें कारण हें होय. तें केवळ बिल वाढविण्याचें निमित्त नव्हे.

घाटांत हा वास आला, तर खालचा गिअर घालून, रुंद जागा पाहून थांबावें व अर्धा तास तरी गाडी निवूं द्यावी. चाकांस दगड लावावे. गाडी गिअरमध्यें ठेवावी. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक करकचून ओढूं नये, आणि त्यांवर पाणी तर मुळींच ओतूं नये. लाल तव्यावर पाणी पडल्यानें जें होतें, तेंच तबकडीचें होतें. ती वांकते किंवा तिला तडा जातो. मात्र सपाट रस्त्यावर ब्रेकचा वास आला, तर त्याचें कारण दुसरें असतें. प्रथम हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहिला आहे काय तें पहावें. दहांपैकीं पुष्कळ वेळां शोध येथेंच संपतो. तो सुटलेला असेल, तर खालीं उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा, परंतु स्पर्श करूं नये. तीन चाकें कोमट व एक भट्टीसारखें असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीं, अडकून बसला आहे. तशी गाडी "हळू हळू नेऊं" म्हणून गांवापर्यंत हांकणें बरें नव्हे. त्या उष्णतेनें चाकाचें ग्रीस पातळ होतें व टायर पेटल्याचींही उदाहरणें आहेत.

चारही चाकें सारखींच कोमट असून तसाच तिखट वास येत असेल, तर तो क्लचचा. दोहोंच्या लायनिंगची जात एकच, म्हणून वासही भाऊबंदांसारखे. कांद्याच्या हंगामांत लासलगांवच्या किंवा येवल्याच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागें ज्यानें गाडी रांगविली असेल, त्यास हा वास ओळखीचा असेल. क्लचचें पायटें अर्धें दाबून गाडी पुढेंमागें सरकवीत राहिलें, म्हणजे क्लचप्लेट घसरत राहते आणि तापते. रांगेंत पूर्ण थांबावें, गिअर काढावा, पुढें जागा झाल्यावर मग निघावें. नव्या गाडीस किंवा नव्या क्लचप्लेटीस पहिल्या कांहीं दिवसांत असा किंचित् वास येतो, त्याची चिंता नको. परंतु ॲक्सिलरेटर दाबला असतां इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी त्या मानानें वेग घेत नाहीं, असें दिसूं लागलें, तर प्लेट झिजली असें समजावें.

तेलाचा वास कढईंतील जुन्या तळणासारखा जड असतो. सर्व्हिसिंग करतांना सांडलेले चार थेंब तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर जळून जातात व एक-दोन दिवसांत वास थांबतो. तो तसा न थांबला, तर इंजिनाच्या झांकणाचें पॅकिंग गळत आहे. तेलाची पट्टी काढून पातळी पहावी. गोडसर, पाकासारखा वास आला, तर रेडिएटरमधील कूलंट कोठें तरी बाहेर पडत आहे. अशा वेळीं उष्णतेचा कांटा वर चढलेला असेल, तर इंजिन बंद करून थांबावें, आणि रेडिएटरचें टोपण गरम असतां कदापि उघडूं नये. कुकरमध्यें जसें पाणी दाबाखालीं १०० अंशांपुढें जाऊनही उकळत नाहीं, तसेंच तें तेथें असतें; टोपण सैल होतांच तें एकदम वाफ होऊन तोंडावर येतें. टायर घासल्यासारखा रबराचा वास व त्याबरोबर किंचाळल्यासारखा आवाज आला, तर इंजिनाचा पट्टा घसरत आहे. आवाज नसेल, तर चाकांत हवा आहे कीं नाहीं तें उतरून पहावें.

ज्या वासास आम्ही सर्वांत अधिक भितों, तो तारांचा. विजेच्या तारेवरील आवरण बहुधा पी. व्ही. सी. चें असतें. तें तापलें कीं हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु सुटतो. म्हणून ह्या वासानें डोळ्यांस पाणी येतें व नाकांत झोंबतें. कांहीं जोडण्यांचें प्लॅस्टिक तापतांना तर शिळ्या मासळीसारखी घाण येते, आणि गाडींत कोणी मासळीचा डबा आणला काय, असा लोकांस भ्रम होतो. ब्रेकचा वास गाडी थांबविल्यावर उणावतो. तारांचा वास थांबल्यावरही वाढूं शकतो, कारण बॅटरी तशीच जोडलेली असते.

तारा कां तापतात, हें दहावीचा विद्यार्थी सांगूं शकेल. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. गाडीच्या कारखान्यानें ५५ वॅटचे दोन दिवे बसविले आहेत असें समजा. १२ व्होल्टवर ते सुमारें ९ अँपिअर प्रवाह घेतात. रात्रीं अधिक उजेड हवा म्हणून बाजारांतून १०० वॅटचे दोन दिवे आणून त्याच तारांवर लाविले, तर प्रवाह १६ अँपिअरांच्या पुढें जातो. प्रवाह दुप्पटही झाला नाहीं. परंतु तारेंतील उष्णता तिपटीहून अधिक झाली. अशा वेळीं फ्यूज जळतो, व तो जळावा म्हणूनच ठेविलेला असतो. पण "फ्यूज सारखा जातो" म्हणून त्याच्या जागीं जाड फ्यूज किंवा चक्क तांब्याची तार घालणारे मेस्त्री आहेत, आणि तसें घालून मागणारे गाडीवालेही आहेत. फ्यूज वितळत नाहीं, तेव्हां तार वितळते. आणि तार आसनाच्या गादीखालून व पायपुसण्याखालून गेलेली असते.

ही केवळ पुस्तकी भीति नव्हे. टाटांची नॅनो मोटार २००९ सालीं लोकांच्या हातीं येऊं लागली. त्याच वर्षीं कांहीं गाड्यांत सुकाणूजवळच्या बटणांच्या संचांतून धूर निघाला. मार्च २०१० मध्यें मुंबईस एक कोरी नॅनो दुकानांतून घरीं नेत असतां वाटेंत पेटली. आंतील माणसें सुखरूप उतरलीं, गाडी मात्र जळून गेली. त्या काळांतील अशा आगींची चौकशी करून कंपनीनें सांगितलें कीं, दोष आंखणीचा नसून, मागाहून बसविलेलीं विजेचीं उपकरणें, अथवा सायलेन्सरच्या तप्त भागावर राहिलेली बाहेरची वस्तु, हीं कारणें आढळलीं. तरी नोव्हेंबर २०१० मध्यें तिनें विकलेल्या गाड्यांच्या विजेच्या व धूर सोडण्याच्या व्यवस्थेंत अधिक संरक्षक साधनें फुकट बसवून देण्याचें जाहीर केलें. ह्या प्रकरणांत दोष कोणाचा, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. परंतु त्यांत जीं दोन कारणें पुढें आलीं, तीं कोणत्याही कंपनीच्या गाडीस लागू पडतात.

त्यांपैकीं दुसऱ्या कारणाकडे ग्रामीण भागांत विशेष लक्ष दिलें पाहिजे. पेट्रोल मोटारींत सायलेन्सरच्या अलीकडे धूर शुद्ध करणारें एक पात्र असतें. काम करितांना तें ४०० अंशांहून अधिक तापतें, आणि इंजिनांत बिघाड असला तर त्याहूनही पुष्कळ. कागद किंवा वाळलें गवत पेटण्यास त्याहून कमी उष्णता पुरते. सुगीच्या दिवसांत आपल्याकडे रस्त्यावरच पीक पसरून त्यावरून वाहनें जाऊं देण्याची व अशी फुकट मळणी करून घेण्याची चाल आहे. त्या पिकाचा काड गाडीखालीं गुंतून बसतो, आंसाभोंवतीं दोरासारखा वळतो व तप्त पात्रास टेंकतो. अशा रीतीनें धांवत्या गाड्या जळाल्याचे प्रकार घडले आहेत. बारदानाचा तुकडा, सुतळी, प्लॅस्टिकची पिशवी हींही तशींच चिकटतात. कडबा किंवा पाला जळल्यासारखा, चुलीची आठवण करून देणारा वास गाडींत आला, तर थांबून वांकून गाडीखालीं पहावें. काड असेल तर हातानें न ओढतां काठीनें काढावा. खळ्याजवळ अथवा उंच वाळल्या गवतांत गाडी उभी करूं नये. बराच काळ उभी असलेली गाडी बाहेर काढतांना बॉनेट उघडून पहाणेंही बरें. उंदीर आंत चिंध्या व गवत नेऊन घरटें करितात आणि तारांचें आवरणही कुरतडतात.

नव्या डिझेल गाड्या मधून मधून आपल्या गाळणींत सांठलेली काजळी जाळून टाकितात. त्या वेळीं थोडा गरम वास येतो व तो आपोआप जातो. याउलट, कुजलेल्या अंड्यासारखी घाण किंवा कच्च्या पेट्रोलचा अथवा गॅसचा वास हा जळका नसला, तरी त्यानेंही थांबलें पाहिजे. गॅसला मुळांत गंध नसतो, गळती कळावी म्हणूनच त्यांत घाण मिसळलेली असते. आणि एक शत्रु असा आहे कीं ज्यास गंधच नाहीं. धुराच्या नळीस भोंक पडून कार्बन मोनॉक्साइड आंत आला, तर नाक कांहींच सांगत नाहीं. प्रवासांत सर्वांसच एकदम डोकेंदुखी, मळमळ व गुंगी आली, तर ती निद्रा समजूं नये. कांचा उघडाव्या व खालीं उतरावें. विजेवर चालणाऱ्या गाडींतून किंवा दुचाकींतून तीव्र रासायनिक वास अथवा फुसफुस आवाज आला, तर शोध घेत बसूं नये, दूर व्हावें. त्या बॅटरीची आग विझल्यासारखी दिसून तासांनंतरही पुन्हा भडकूं शकते.

वास तारांचा आहे असें वाटतांच काय करावें? गाडी डावीकडे घ्यावी, इंजिन बंद करून किल्ली फिरवावी, आणि सर्वांनीं रहदारीच्या विरुद्ध बाजूनें उतरावें. सामानासाठीं परत वळूं नये. लहान मुलांस व वृद्धांस प्रथम दूर न्यावें. पन्नास पावलें तरी अंतर असावें. धूर नसेल, तरच हांकणारानें बॉनेट उघडून बॅटरीची ऋण तार सोडवावी. त्यासाठीं लागणारा पाना गाडींत असावा. बॉनेटच्या फटींतून धूर येत असेल, तर तें उघडूं नये. आंतली आग हवेसाठीं अडलेली असते. बॉनेट उघडणें म्हणजे भात्यानें फुंकणें होय. कोरड्या भुकटीचें अग्निशामक जवळ असेल व वापरतां येत असेल, तर फटींतूनच मारावें. पाणी मारूं नये. त्यानें तेलाची आग पसरते. ज्यास हें साधन कधीं हाताळून माहीत नाहीं, त्यानें तो प्रयोग रस्त्यावर प्रथमच करूं नये; ११२ किंवा १०१ या क्रमांकावर कळवून, पुढचा मैलाचा दगड पाहून ठिकाण सांगावें.

वास साधा ठरून गाडी पुन्हा चालूं लागली, तरी मेस्त्रीकडे जावयास हवेंच, आणि तेथें नुसतें "वास येतो" असें म्हणून भागत नाहीं, कारण गाडी तेथें पोंचते तोंवर वास गेलेला असतो. वास कशासारखा होता, चढावर आला कीं उतारावर, किती वेळ चालविल्यावर, दिवे किंवा थंड हवा चालू होती काय, कोणतें चाक अधिक गरम होतें, कोणता तांबडा दिवा लागला, हें सर्व वाटेंतच मागें बसलेल्या मुलांपैकीं एकानें वहींत लिहून ठेवावें. मेस्त्रीनें पट्टा, लायनर किंवा पॅकिंग बदललें, तर जुना भाग मागून घेऊन पहावा. त्यानें फ्यूज बदलला असेल, तर पहिला फ्यूज कशानें जळाला तें त्यास विचारावें, आणि तें सांपडेपर्यंत गाडी त्याच्याकडेच राहूं द्यावी.